किरणांनी रक्ताचं बियाणं कसं बिघडतं? हाडातल्या मूळपेशी, डीएनए आणि आपण घ्यायची काळजी

दिल्लीत मायापुरी नावाचा मोठा भंगार बाजार आहे. २०१० च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथली काही माणसं एकामागून एक आजारी पडली. उलट्या, जुलाब, केस गळणं, कातडी काळी पडणं असा त्रास सुरू झाला. आधी कुणाला काही उमगेना. तपासाअंती कळलं की एका विद्यापीठाने लिलावात काढलेलं प्रयोगशाळेचं जुनं यंत्र भंगारात आलं होतं. ते फोडल्यावर आतल्या कोबाल्ट-६० च्या बारीक कांड्या उघड्या पडल्या होत्या. सात जण बाधित झाले आणि त्यातल्या एकाचा एप्रिलअखेर मृत्यू झाला.

त्या कांड्यांना वास नव्हता, धूर नव्हता, हाताला चटकाही बसत नव्हता. तरी आजारी माणसांच्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेलेल्या दिसल्या. अंगाला काही न लागता रक्त कसं बिघडतं? याचं उत्तर हाडाच्या आतल्या मगजात आणि त्यातल्या पेशींच्या डीएनएमध्ये आहे. भंगार व्यवसायातली माणसं, कॅन्सरसाठी 'शेक' घेणारे रुग्ण, वारंवार एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावे लागणारे लोक, या सगळ्यांना हा विषय माहीत असायला हवा.

रक्त तयार होतं कुठे?

मटणाच्या नळीतला मगज सगळ्यांना माहीत आहे. माणसाच्या हाडातही तसाच मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी लाल मज्जा मुख्यतः कमरेचं हाड, मणके, छातीचं हाड, बरगड्या आणि कवटी यात असते. लहान मुलांत ती हातापायांच्या लांब हाडांतही भरपूर असते.

या मज्जेत रक्ताच्या मूळपेशी राहतात. त्यांना रक्ताचं बियाणं म्हणता येईल. एका मूळपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असं सगळंच तयार होऊ शकतं. शिवाय ती स्वतःसारखी दुसरी मूळपेशीही तयार करते, म्हणून बियाणं संपत नाही. बहुतेक मूळपेशी एरवी शांत पडून असतात, क्वचितच विभागतात. घरात पुढच्या हंगामासाठी चांगलं बी वेगळं राखून ठेवतात, तसंच हे.

रोजचं काम त्यांच्या पुढच्या पिढीतल्या पेशी करतात. त्या भराभर विभागतात आणि दिवसाला सुमारे २० हजार कोटी नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या बऱ्याच पांढऱ्या पेशी काही तास ते काही दिवसच. म्हणजे हा कारखाना आठवडाभर जरी बंद पडला तरी शरीराला झळ बसते.

डीएनए म्हणजे पेशीची वही

प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनएचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो ४६ तुकड्यांत गुंडाळलेला असतो, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. धागा दोन पदरी असतो, दोन पदर एकमेकांना पीळ घालून बसलेले. पेशीने कधी विभागायचं, कधी थांबायचं, कोणता पदार्थ तयार करायचा, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं.

मूळपेशीच्या वहीत एखादं पान चुकलं तर तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशींत तीच चूक उतरते. तांबड्या पेशीत तर डीएनए नसतोच आणि ती चार महिन्यांत मरून जाते. मूळपेशी मात्र वर्षानुवर्षं टिकते. म्हणून किरणांचा घाव मूळपेशीवर बसणं जास्त गंभीर.

किरण धागा कसे तोडतात?

एक्स-रे आणि गॅमा किरण अंगातून आरपार जाऊ शकतात. जाताना ते वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. डीएनएला इजा दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार थेट. उडालेला इलेक्ट्रॉन डीएनएवरच आदळतो आणि पदर तुटतो. दुसरा प्रकार पाण्यामार्फत. पेशीत बहुतांश पाणीच असतं. किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय तडफदार कण तयार होतात. ते क्षणात शेजारच्या डीएनएला जाऊन भिडतात आणि त्याला खराब करतात. एक्स-रे आणि गॅमा किरणांमुळे होणारं जास्त नुकसान या दुसऱ्या वाटेनेच होतं.

किरणांची शरीराने शोषलेली मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे मात्रा मिळाली की एका पेशीत सुमारे एक हजार ठिकाणी एकेरी पदर तुटतो आणि साधारण ३५ ते ४० ठिकाणी दोन्ही पदर एकदम तुटतात. एकेरी तूट फारशी घातक नसते, कारण समोरचा पदर पाहून पेशी ती नीट जोडते. दोन्ही पदर तुटले की नमुना म्हणून पाहायला समोर काही उरत नाही. खरा धोका इथेच आहे.

यात उष्णतेचा काही संबंध नसतो. ७० किलो वजनाच्या माणसाला सगळ्या अंगावर चार ग्रे मात्रा मिळाली तर शरीरात जाणारी एकूण ऊर्जा गरम चहाच्या अर्ध्या चमच्याइतकीच भरते. अंगाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं. म्हणजे माणसाला काहीच जाणवत नाही, पण एवढ्या मात्रेवर उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

दुरुस्ती होते, पण नेहमी नीट नाही

पेशीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा असते. दोन्ही पदर तुटल्यावर दुरुस्तीचे मुख्य दोन मार्ग असतात. विभागणीच्या तयारीत असलेल्या पेशीकडे डीएनएची दुसरी प्रत तयार असते. ती समोर ठेवून जोडलं की काम बिनचूक होतं. शांत पडून असलेल्या पेशीकडे अशी प्रत नसते. ती सरळ तुटलेली दोन टोकं पकडून गाठ मारते. काम लवकर होतं, पण गाठीजवळची काही अक्षरं गळू शकतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी तुटलं असेल तर भलतीच टोकंही एकमेकांना जोडली जातात.

रक्ताच्या मूळपेशी बहुतेक वेळ शांत असल्यामुळे त्यांना हा गाठ मारायचा मार्गच जास्त वापरावा लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांतही हेच दिसलं आहे. पेशी वाचते, पण चूक घेऊन वाचते.

घाव फार मोठा असेल तर पी-५३ नावाचं प्रथिन राखणदाराचं काम करतं. ते पेशीची विभागणी थांबवतं आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. त्यामुळे घाव बसलेल्या पेशीपुढे तीन वाटा राहतात. नीट दुरुस्त होणं, मरून जाणं, किंवा चुकीसह जगत राहणं. पेशी मोठ्या संख्येने मेल्या तर आजार काही दिवसांत दिसतो. चुकीसह जगल्या तर काही वर्षांनी दिसू शकतो.

बियाणं जळालं की रक्तात कधी दिसतं?

सगळ्या अंगावर एकदम साधारण एक ग्रे किंवा जास्त मात्रा बसली तर किरणोत्सर्गाचा तीव्र आजार सुरू होतो. पहिल्या काही तासांत मळमळ, उलट्या होतात. मग माणसाला थोडं बरं वाटू लागतं. घरच्यांना वाटतं, टळलं. पण आत मज्जेत नवीन पेशी तयार होणं थांबलेलं असतं.

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किरणांना फार नाजूक असतात, त्या एक-दोन दिवसांतच कमी होतात. म्हणून अशा वेळी डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासून त्यांचा आकडा पाहतात. बाकीच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन ते चार आठवड्यांत तळाला जातात. तेव्हा ताप, जंतुसंसर्ग, हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर लाल ठिपके उठणं असा त्रास होतो. तांबड्या पेशी जास्त दिवस जगत असल्याने रक्त कमी होणं उशिरा कळतं. घरात कणगी भरलेली असली की शेत बुडाल्याचं लगेच जाणवत नाही, त्यातला प्रकार.

साधारण साडेतीन ते साडेचार ग्रे मात्रेला उपचार न मिळाल्यास निम्मे लोक दोन महिन्यांत दगावतात, असं मानलं जातं. उपचारात जंतूंपासून जपणं, अँटिबायोटिक, रक्त आणि प्लेटलेट चढवणं, मज्जेला चालना देणारी इंजेक्शनं हे असतं. थोड्या मूळपेशी जरी शिल्लक असल्या तरी हळूहळू रक्त परत तयार होतं.

२६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात १३४ कामगार आणि अग्निशमन जवानांना हा तीव्र आजार झाला. त्यातले २८ जण त्याच वर्षी पहिल्या काही महिन्यांत गेले. तेरा जणांना दुसऱ्याची मज्जा दिली होती, पण कातडीही किरणांनी भाजलेली असल्याने बहुतेकांना वाचवता आलं नाही.

हिरोशिमा-नागासाकी : वर्षांनी उगवलेलं नुकसान

६ आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. त्यातून वाचलेल्यांची तपासणी पुढे अनेक दशकं चालली. त्यांच्यात सगळ्यात आधी वाढलेला कॅन्सर रक्ताचा होता. दोनेक वर्षांतच रुग्ण दिसू लागले आणि साधारण सहा ते आठ वर्षांनी प्रमाण सर्वांत वर गेलं. लहानपणी किरण लागलेल्यांत धोका जास्त होता. हिरोशिमाची सादाको सासाकी बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी ती गेली. तिचं स्मारक हिरोशिमात आहे.

रक्ताचा कॅन्सर होतो तो चुकीच्या गाठीतून. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात. त्या जोडातून एक नवाच जनुक तयार होतो. तो पेशीला सतत 'विभाग, विभाग' म्हणून सांगत राहतो. हिरोशिमातून वाचलेल्यांत या प्रकाराचेही रुग्ण वाढले होते.

आकडाही नीट समजून घ्यावा. मज्जेला नोंद घेण्याजोगी मात्रा मिळालेल्या सुमारे ४९ हजार लोकांत २००० सालापर्यंत रक्ताच्या कॅन्सरने २०४ मृत्यू झाले. त्यातले ९४ किरणांमुळे झाले असा हिशेब आहे. म्हणजे किरण लागलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही, धोका वाढतो. आणि वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांच्या अभ्यासात आनुवंशिक आजार वाढल्याचं आढळलेलं नाही.

मूळपेशींचा शोध किरणांमुळेच लागला

कॅनडातल्या टोरांटो शहरात जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक हे दोन शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी उंदरांना किरण देऊन त्यांची मज्जा निकामी केली आणि मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांच्या पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, लहान गाठी दिसल्या. प्रत्येक गाठीत रक्ताच्या नव्या पेशी तयार होत होत्या. हे संशोधन १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक गाठ एकाच पेशीपासून झाली हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी टोचलेल्या पेशींनाच किरण दिले. काहींच्या गुणसूत्रांत वेगळेच तुटके जोड तयार झाले. गाठीतल्या जवळपास सगळ्या पेशींत तोच एक जोड सापडला. जनावराला डाग दिल्यावर ते कुठल्या घरचं हे जसं ओळखू येतं, तशी ही खूण उपयोगी पडली. १९६३ मधल्या या प्रयोगाने एकच मूळपेशी अनेक प्रकारच्या रक्तपेशी तयार करते हे दाखवलं.

तेच किरण उपचारातही

रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रुग्णाला सगळ्या अंगावर मोठ्या मात्रेचे किरण देऊन आजारी मज्जा मुद्दाम नष्ट करतात आणि मग जुळणाऱ्या दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात. त्या आपोआप हाडात जाऊन बसतात. या उपचाराचा पाया घालणारे अमेरिकेचे डॉ. डोनाल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं.

गावाकडे जास्त पाहायला मिळतो तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर दिला जाणारा 'शेक'. बाहेरून दिला जाणारा शेक साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज थोडा थोडा असतो. रोज थोडा देण्याचं कारण डीएनएच्या दुरुस्तीतच आहे. मधल्या वेळेत चांगल्या पेशी घाव भरून काढतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही.

कमरेच्या हाडात मज्जा भरपूर असल्याने या काळात रक्तातल्या पेशी कमी होतात. म्हणून दर आठवड्याला सीबीसी करायला सांगतात. डेंग्यूमुळे प्लेटलेटचा आकडा घरोघरी माहीत झाला आहे. दीड लाख ते साडेचार लाख ही नेहमीची पातळी, आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. आकडा खाली आला म्हणून घाबरून बऱ्याच जणी उपचार अर्ध्यात सोडतात, हे सगळ्यात वाईट. अर्धवट शेकात कॅन्सर तसाच राहतो. आकडा कमी झाला तर काय करायचं, शेक एक-दोन दिवस थांबवायचा का, औषध बदलायचं का, हे डॉक्टर ठरवतात. शरीराच्या बाकी हाडांतली मज्जा शाबूत असते, तिथून रक्त भरून निघतं.

लासलगावचा कांदा काय सांगतो?

निफाड तालुक्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. तिथेही कोबाल्ट-६० वापरतात. कांद्याला ६० ते ९० ग्रे एवढी मात्रा दिली की मधल्या कोंबातल्या विभागणाऱ्या पेशींचा डीएनए तुटतो आणि कांद्याला मोड येत नाहीत. बाकीचा कांदा जसाच्या तसा राहतो. जिथे पेशी विभागतात तिथे किरणांचा घाव जास्त लागतो, मज्जेतही आणि कोंबातही. असा कांदा किरणोत्सर्गी होत नाही, खायला चालतो.

कुठे किती मात्रा?

रोजच्या व्यवहारातली छोटी मात्रा 'मिलिसीव्हर्ट'मध्ये सांगतात. गॅमा आणि एक्स-रेच्या बाबतीत एक ग्रे म्हणजे सुमारे एक हजार मिलिसीव्हर्ट धरावेत.

- जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे नैसर्गिक किरण : जगाची सरासरी वर्षाला २.४
- छातीचा एक एक्स-रे : ०.१ किंवा त्याहून कमी
- पोटाचा सीटी स्कॅन : साधारण ८ ते १०
- किरणांशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची मर्यादा : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०
- तीव्र आजाराची सुरुवात : एकदम सुमारे १,०००

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतात. मोबाइल आणि टॉवरच्या लहरींत डीएनएचा पदर तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्या एक्स-रेच्या जातीच्या नाहीत.

काय काळजी घ्यावी?

- डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे किंवा सीटी घाबरून टाळू नका, पण स्वतःहून मागूही नका. जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा, म्हणजे तीच तपासणी परत करावी लागत नाही.
- गरोदर असल्यास किंवा शंका असल्यास तपासणीआधी सांगा. लहान मुलांच्या सीटीबाबत डॉक्टरांना गरज नीट विचारा.
- एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांनी विनाकारण थांबू नये. मूल धरायला थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन मागा.
- बाहेरून शेक घेतलेल्या रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. त्याला वेगळं ताट, वेगळी खोली देण्याचं कारण नाही.
- शेक चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, नाका-हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- भंगारात पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाचं वाटणारं भांडं आलं, तर ते फोडू, कापू, वितळवू नका. आतली वस्तू खिशात घालू नका, घरी नेऊ नका. सगळ्यांना लांब करा आणि ११२ वर कळवा. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते, त्यामुळे लांब जाणं हाच पहिला उपाय.

ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र असंच भंगारात गेलं. आतली निळसर चमकणारी सिझियमची पूड लोकांनी नवल म्हणून घरोघरी वाटली. त्यात चार जणांचा जीव गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. मायापुरी असो की गोयानिया, फोडणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं. ती खूण घरातल्या मुलांना आणि गावात येणाऱ्या भंगारवाल्यांना एकदा दाखवून ठेवायला हवी.